बुरशी-माइट, घरातील

बुरशी-माइट : ओलसर व कोंदट जागी वाढणाऱ्या बुरशीवर, तसेच दमट झालेल्या पीठ, धान्य, सुकी मासळी, खोबरे इ. पदार्थांवर उपजीविका करणारे अतिसूक्ष्म प्राणी. संधिपाद संघातील अष्टपाद वर्गात त्यांचा समावेश होतो. त्यामुळे ते कीटक नसून कोळी, विंचू व गोचीड यांचे आप्त आहेत. पिकांवरील माइटांना शेतकरी ‘लाल कोळी’ वा ‘कोळी कीड’ म्हणतात. जाळे विणणाऱ्या प्राण्यालाही मराठीत कोळी हेच नाव असल्याने येथे ‘माइट’ हा रूढ झालेला शब्द वापरला आहे. जगभर आढळणारी सर्वपरिचित जाती टायरोफॅगस प्युट्रेसेन्शिई ही होय. पिठात आढळणारी ॲकॅरस सायरो, सुक्या मासळीवरील लार्डोग्लायफस कोनोई व ओलसर घरांतील ग्लायसीफॅगस डोमेस्टिकस या तिच्या जवळच्या जाती होत. यांपैकी पहिली उष्ण-दमट हवेत, तर पिठातील माइट मुख्यत्वे समशीतोष्ण प्रदेशात विपुल असते.

माइटांचे बारकाईने निरीक्षण सूक्ष्मदर्शकाच्या शोधामुळे शक्य झाले. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञांनी १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात चीजमधील माइटांचे वर्णन व चित्र दिलेले आहे. जर्मनीतील व्युर्शव्हिट्झ या गावी आजही विशिष्ट प्रकारचे चीज मुरविण्यासाठी माइट हेतुपुरस्सर पाळले जातात. घरात मात्र ते उपद्रवी ठरतात.

शरीररचना व जीवनचक्र : प्रौढ माइटाची लांबी सामान्यतः ०·३ ते ०·५ मिमी. असते. शरीर मऊ, अंडाकृती, मोत्यासारखे पांढुरके व काहीसे पारदर्शक असून त्याच्या मागील भागावर लांब केस असतात. पायांच्या चार जोड्या असतात. डोळे, शृंगिका व पंख नसतात. श्वासनलिकाही नसल्याने श्वसन पातळ त्वचेतून होते. हीच त्वचा पाण्याची वाफही बाहेर जाऊ देते, त्यामुळे कोरड्या हवेत माइटांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते. ते पाणी पीत नाहीत. दमट हवेतील बाष्प शोषून ते ही तूट भरून काढतात.

मादी आपल्या आयुष्यात शेकडो अंडी घालू शकते. अंड्यातून सहा पायांची अळी बाहेर पडते. त्यानंतरच्या अर्भकावस्थांमध्ये आठ पाय असतात व शेवटच्या कातीनंतर प्रौढ तयार होतो. २५° ते ३०° से. तापमान व ८५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता असल्यास हे जीवनचक्र दोन ते तीन आठवड्यांत, कधीकधी त्याहूनही लवकर पुरे होते. सापेक्ष आर्द्रता सु. ६५ टक्क्यांच्या खाली सातत्याने राहिल्यास वाढ खुंटते. ती ५० टक्क्यांच्या आसपास राहिल्यास काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत प्रौढ माइट मरतात. अंडी अधिक चिवट असतात. काही जातींत एक अर्भकावस्था निश्चल वा प्रवासी असते व ती प्रतिकूल काळ निभावून नेते. लार्डोग्लायफस माइटाची अशी अर्भके सुक्या मासळीला लागणाऱ्या डर्मेस्टिस या भुंगेऱ्याच्या अंगाला चिकटून एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात जातात.

माइट बुरशीचे तंतू व बीजाणू खातात आणि बीजाणू अंगाला चिकटवून व विष्ठेतून टाकून दुसरीकडे पसरवितात. बुरशी माइटांना अन्न पुरविते व माइट बुरशीला नवी जागा मिळवून देतात. प्रयोगशाळेत जतन केलेल्या कवकांच्या संवर्धनात माइट शिरल्यास ती दूषित होतात. घरात या साहचर्याला लागणारी मूळ गोष्ट एकच, ती म्हणजे ओल.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. या जिल्ह्याच्या उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांच्या किनारपट्टीत वर्षाकाठी सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वर असते आणि तापमान २५° ते ३०° से.च्या दरम्यान राहते. बुरशी-माइटांच्या वाढीस प्रयोगशाळेत जी परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते, ती येथे पावसाळ्यात घरोघरी आयती असते.

समुद्रसान्निध्यामुळे तीत आणखी एका घटकाची भर पडते. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण भिंती, कपडे व लाकूडसामानावर बसतात. शुद्ध मीठ सु. ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील बाष्प ओढून विरघळू लागते. मिठागरांतील जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने त्याला त्याहूनही लवकर पाझर फुटतो. गिलाव्यात खारी वाळू वापरली गेली असेल, तर पाऊस थेट न लागताही भिंतीला घाम येतो व लोणा धरतो. स्वयंपाकघरातील उघड्या बरणीतले बारीक मीठ ओले होणे ही त्या खोलीची हवा माइटांना मानवणारी झाल्याची सोपी खूण होय.

या भागातील जुन्या राहणीत ओलीविरुद्ध अनेक तजविजी होत्या. वैशाखाच्या कडक उन्हात धान्य, कडधान्ये, पापड, सांडगे, बोंबील, सोडे, जवळा हे सर्व खडखडीत वाळवून आगोटीची बेगमी केली जाई. चुलीची ऊब व धूर माळ्यापर्यंत पोहोचत असल्याने तेथे ठेवलेल्या वस्तू कोरड्या राहात. त्या धुराने घरातील माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, फुप्फुसांना अपाय होत असे, हेही तितकेच खरे. कौलांच्या फटींतून हवा खेळती राही व चुन्याची सफेदी भिंतीतील ओल बाहेर पडू देई. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशीही सहसा धरत नाही. आता चुलीच्या जागी गॅस व कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आहे. भिंतींना वाफ अडविणारे रंग दिले जातात आणि खिडक्या घट्ट बसणाऱ्या असतात. घर धूरमुक्त व नीटनेटके झाले, तथापि आत आलेली ओल बाहेर पडण्याचे मार्ग कमी झाले. पावसाळाभर बंद राहणारी घरे हे याचे टोकाचे उदाहरण होय. मुंबईकरांचे किनाऱ्यावरील बंगले व भाद्रपदात गणपतीसाठी उघडली जाणारी चाकरमान्यांची घरे यांत गाद्या, उशा, लाकडी कपाटांच्या पाठी व पुस्तके यांवर बुरशीचा थर आणि त्यावर हलणारी पांढुरकी ‘धूळ’ दिसते.

घराचे छप्परच गेल्यास ही ओल किती खोल जाते, याचा अनुभव ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याला दिला. श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुक्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले आणि लगेचच पावसाळा सुरू झाला. अशा भिजलेल्या घरात नवे छप्पर घातल्यानंतरही भिंती, माळ्याची लाकडे, अंथरुणे व साठविलेले धान्य पूर्ण वाळेपर्यंत बुरशीचे व तिच्यामागून येणाऱ्या माइटांचे निवारण झाले असे मानता येत नाही.

ओळखण्याच्या खुणा : एकेकटा माइट नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. मोठ्या संख्येने असल्यास पदार्थावर वा भिंतीवर फिकट तपकिरी किंवा पांढरट भुकटी पसरल्यासारखी वाटते. तीत जिवंत माइटांबरोबर टाकलेल्या काती, विष्ठा व मृत शरीरे असतात. पुढील साध्या रीतींनी खात्री करता येते.

(१) भुकटी काळ्या कागदावर घेऊन विजेरीच्या तिरप्या प्रकाशात काही मिनिटे स्थिर ठेवावी. कण जागा बदलू लागल्यास ती धूळ नव्हे. (२) संशयित जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलावी व दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली पाहावी. आठ पाय व मागील लांब केस ओळखू येतात. (३) चिमूटभर पीठ कागदावर घेऊन पृष्ठभाग सपाट करावा. काही तासांनी तो उकरल्यासारखा वा खडबडीत झाल्यास माइट असण्याचा संभव असतो. (४) पिठाला कुबट वास येतो. पिठातील माइट चिरडल्यास पुदिन्याची आठवण करून देणारा वास येतो.

माइटांची गल्लत इतर प्राण्यांशी होण्याचा संभव असतो. जुन्या पुस्तकांत व भिंतींवर आढळणारी ‘पुस्तकी ऊ’ हा सहा पायांचा कीटक होय. ती सु. १ मिमी. लांब असून तिला लांब शृंगिका असतात व ती झपाट्याने पळते. तीही बुरशीच खात असल्याने तिचे अस्तित्व ओलीचेच द्योतक आहे. धान्यातील सोंडे व टोके हे माइटांपेक्षा कितीतरी मोठे असतात. शेयलिटस हा भक्षक माइट बुरशी-माइटांनाच खातो व त्यांच्याबरोबर आढळतो. अंथरुणातील धुळीत राहणारे घरधूळ-माइट वेगळे असून ते मुख्यतः माणसाच्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतात. खरजेस कारण होणारा सार्कोप्टिस हा माइट मानवी त्वचेत बिळे करतो. बुरशी-माइट तसे करीत नाहीत, चावत नाहीत व रक्तही शोषीत नाहीत. म्हणून अंगाला रात्री सतत खाज सुटत असल्यास केवळ घर फवारून न थांबता वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

आरोग्यावरील परिणाम : बुरशी-माइटांपासून होणारा मुख्य अपाय अधिहर्षतेचा म्हणजे ॲलर्जीचा असतो. १९६४ मध्ये नेदर्लंड्समधील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांचे सहकारी यांनी घरातील धुळीची ॲलर्जी डर्मेटोफॅगॉइडिस या घरधूळ-माइटाशी निगडित असल्याचे दाखविले. त्यानंतर साठवणीतील माइटांकडेही संशोधकांचे लक्ष गेले. त्यांच्या विष्ठेतील व शरीरातील प्रथिनांमुळे संवेदनशील व्यक्तींना शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, खोकला व दम्याचा झटका असे विकार होतात. उष्ण कटिबंधातील दमट घरांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही जातीही या दृष्टीने महत्त्वाची ठरली आहे. माइट मेल्यानंतरही ही प्रथिने धुळीत टिकून राहतात. त्यामुळे त्यांना नुसते मारणे पुरेसे नसते, त्यांचे अवशेष काढून टाकावे लागतात. जेथे माइट आहेत तेथे बुरशीचे बीजाणूही असतात, म्हणून लहान मुले, वृद्ध व दम्याचे रोगी यांना दुहेरी त्रास होतो.

खोबरे हाताळणाऱ्या कामगारांना होणारा त्वचेचा दाह विसाव्या शतकाच्या आरंभीच श्रीलंकेत नोंदला गेला व त्याला ‘खोबऱ्याची खाज’ असे नाव पडले. ती माइटांच्या संपर्काने उद्‌भवते, रोग म्हणून पसरत नाही. माइटयुक्त पिठाचे पदार्थ खाल्ल्याने संवेदनशील व्यक्तींना तीव्र व क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे १९९० नंतरच्या वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत. भाजल्याने वा शिजविल्याने माइट मरतात, परंतु ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी काही उष्णतेतही टिकतात. म्हणून माइट झालेले पीठ चाळून वा भाजून वापरणे सुरक्षित नव्हे. त्यांची अंडी पिठाच्या चाळणीतून सहज पार होतात.

निवारण : निवारणाचा पाया ओल हटविणे हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सततची ओल व बुरशीची वाढ टाळण्यावरच भर दिला आहे. ओल कायम ठेवून केलेली फवारणी काही आठवड्यांपुरती उपयोगी पडते. अंड्यांतून नवी पिढी निघते व बुरशी तिला अन्न पुरविते.

(अ) साठा : घरातील सर्व पिठे, रवा, कडधान्ये, मसाले, खोबरे, सुकी मासळी व पाळीव प्राण्यांचे खाद्य तपासून बाधित पदार्थ पिशवीत बांधून घराबाहेर टाकावेत. डबे व फडताळे रिकामी करून साबणाच्या गरम पाण्याने धुवावीत व पूर्ण वाळवावीत. फटींतील पिठाचे कण विशेषेकरून काढावेत. डबा ओला असताना त्यात पदार्थ भरणे ही नेहमी घडणारी चूक असते. धान्यातील पाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास माइट वाढत नाहीत. दाताखाली दाणा कटकन तुटणे ही कोरडेपणाची जुनी कसोटी होय. तांदळाचे पीठ पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. नवे पीठ वा रवा गोठणपेटीत –१८° से. तापमानास आठवडाभर ठेवल्यास असलेले माइट मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा पिठावर दव धरते. सुकी मासळी नीट वाळवून हवाबंद डब्यात वा गोठणपेटीत ठेवावी. कडुनिंबाच्या पाल्याची प्रथा कोरड्या धान्यास पूरक ठरते. ओलसर पाला घातल्यास उलट बाष्पच वाढते.

(आ) भिंती व सामान : बुरशी कोरड्या कुंचल्याने झाडू नये, कारण बीजाणू व माइटांचे अवशेष हवेत उडतात. नाकातोंडावर फडके वा मुखपट बांधून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने ती पुसावी, कापड टाकून द्यावे व जागा वाळवावी. कठीण पृष्ठभागावर विरंजक द्रावण वापरल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात व ते आम्ल किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. चादरी, उशांचे अभ्रे व गोधड्या ६०° से. तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात व त्यांची प्रथिनेही बरीचशी निघून जातात. गाद्यांना उघडीप मिळताच दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे व नंतर त्या झटकाव्यात. आतपर्यंत बुरसलेली कापसाची गादी पिंजूनही निर्दोष होत नाही, ती बदलणे श्रेयस्कर. कपाटे भिंतीपासून काही सेंमी. दूर ठेवावीत.

(इ) हवा : खिडक्या उघडल्याने घर कोरडे होते ही समजूत पावसाळ्यात अंशतःच खरी ठरते. बाहेरची हवाच संपृक्त असताना ती आत घेतल्याने ओल कमी होत नाही. स्वयंपाक व स्नान यांची वाफ बाहेर घालविण्यासाठी मात्र खिडकी वा निष्कासक पंखा त्या वेळेपुरता आवश्यक असतो. पावसाने उघडीप दिली व ऊन पडले की दुपारच्या वेळी सर्व घर मोकळे करावे. सततच्या झडीत आर्द्रतानिवारक यंत्र वा वातानुकूलक बंद खोलीत चालविल्यास उपयोग होतो. हे साधन परवडत नसल्यास निदान एक कपाट कोरडे राखणे शक्य असते. घट्ट झाकणाच्या पेटीत कॅल्शियम क्लोराइडाच्या वा सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कागदपत्रे, औषधे व लोकरी कपडे तीत ठेवावेत. आर्द्रतामापक स्वस्त असून ६५ टक्क्यांखालील नोंद हे उद्दिष्ट मानावे.

(ई) मूळ दुरुस्ती : फुटलेली कौले, स्लॅबच्या भेगा, गळके नळ व जोत्याशी साचणारे पाणी यांचा बंदोबस्त मे महिन्यापूर्वीच करावा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात भिंती पूर्ण वाळू द्याव्यात व मगच रंग द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग ओल आतच कोंडतो व पुढील वर्षी पोपडे धरतो.

विषारी औषधांविषयी दक्षता : धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या गोळ्या ओलाव्याच्या संपर्कात फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. राहत्या घरात त्या वापरल्याने झोपेत मृत्यू ओढवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. भारतात त्यांचा वापर शासकीय यंत्रणा व परवानाधारक तज्ञ यांच्यापुरता मर्यादित आहे. माइटांची अंडी या वायूला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, त्यामुळे जिवावरचा धोका पत्करूनही हेतू साध्य होत नाही. कीटकांसाठी बनविलेली पुष्कळशी घरगुती फवारेही माइटांवर फारशी परिणामकारक ठरत नाहीत आणि अन्नाजवळ त्यांचा वापर वर्ज्य आहे.

उपाय लागू पडल्याची खूण म्हणून दर आठवड्यास त्याच जागी चिकटपट्टीची कसोटी घ्यावी. सलग तीन-चार आठवडे माइट न दिसल्यास उपद्रव संपला असे समजण्यास हरकत नाही. ते पुन्हा दिसल्यास औषध बदलण्याऐवजी ओल कोठून येते त्याचा शोध घ्यावा. किनाऱ्यावरील घरात माइट पूर्णतः नामशेष करणे शक्य नसते, कारण त्यांची अंडी धान्य, धूळ व कीटक यांच्यामार्फत येतच असतात. त्यांची संख्या वाढू न देणे मात्र बव्हंशी घर कोरडे राखण्यावर अवलंबून असते.